प्रोटिएज रोधक औषधे (एच.आय.व्ही. उपचार)

प्रोटिएज रोधक औषधे हा एच.आय.व्ही. संसर्गावरील उपचारात वापरल्या जाणाऱ्या औषधांचा एक गट आहे. बाधित पेशीत तयार झालेले नवे विषाणू परिपक्व होण्यासाठी प्रोटिएज नावाच्या विकराची गरज असते. ही औषधे त्या विकराचे काम थांबवतात. त्यामुळे पेशीतून बाहेर पडणारे विषाणू अपक्व राहतात आणि दुसऱ्या पेशींना बाधित करू शकत नाहीत. अटाझानाव्हिर, लोपिनाव्हिर आणि दारुनाव्हिर ही या गटातील भारतात प्रचलित असलेली प्रमुख औषधे होत. ती रिटोनाव्हिर या सहायक औषधाच्या अल्प मात्रेसह आणि सामान्यतः अन्य गटांतील विषाणूविरोधी औषधांच्या जोडीने दिली जातात.

या औषधांनी एच.आय.व्ही. शरीरातून समूळ नाहीसा होत नाही; मात्र ती नियमित घेतल्यास रक्तातील विषाणूंचे प्रमाण अत्यल्प राहते, रोगप्रतिकारशक्ती सावरते आणि रुग्ण दीर्घकाळ कामकाजाचे आयुष्य जगू शकतो. या गटाच्या सुरक्षित वापरातील सर्वांत मोठी अडचण इतर औषधांशी होणाऱ्या आंतरक्रियांची आहे. पित्ताची, दम्याची, डोकेदुखीची किंवा क्षयरोगाची नेहमीची औषधेही या गोळ्यांसोबत घातक किंवा निष्फळ ठरू शकतात. म्हणून रुग्ण कोणकोणती औषधे घेत आहे, हे त्याच्यावर उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ठाऊक असणे आवश्यक असते.

कार्यपद्धती

एच.आय.व्ही. मुख्यतः सी.डी.४ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशींमध्ये प्रवेश करतो. तेथे तो आपल्या आर.एन.ए.पासून डी.एन.ए. बनवतो व तो पेशीच्या जनुकीय द्रव्यात मिसळतो. त्यानंतर ती पेशी विषाणूची प्रथिने तयार करू लागते. ही प्रथिने सुटी तयार होत नाहीत. ती एका लांबलचक साखळीत जोडलेली असतात. मागावर सलग विणलेल्या ताग्यातून एकेक लुगडे मापाने कापून वेगळे करावे, त्याप्रमाणे प्रोटिएज हे विकर या साखळीचे ठरावीक जागी तुकडे करते. असे तुकडे झाल्यावरच विषाणूचा गाभा बनतो आणि तो संसर्गक्षम होतो.

एच.आय.व्ही.चे प्रोटिएज दोन सारख्या साखळ्यांचे बनलेले असून प्रत्येक साखळीत ९९ अमिनो आम्ले असतात. दोन्ही साखळ्यांच्या मध्ये असलेल्या खोबणीत प्रथिन कापले जाते. या विकराची त्रिमितीय रचना १९८९ मध्ये उलगडली आणि त्या खोबणीत नेमके बसतील असे रेणू घडवणे शक्य झाले. रोधक औषध खोबणीत अडकून बसले की प्रोटिएजला साखळी कापता येत नाही.

रिटोनाव्हिरसह दिलेल्या प्रोटिएज रोधकांना विषाणू सहजासहजी दाद देईनासा होत नाही. नेव्हिरापिनसारख्या औषधाविरुद्ध विषाणूच्या जनुकातील एखादा बदलही पुरेसा ठरू शकतो. प्रोटिएज रोधकांविरुद्ध सामान्यतः असे अनेक बदल एकत्र व्हावे लागतात. पहिला उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांना हा गट दिला जाण्याचे हे एक महत्त्वाचे कारण आहे.

इतिहास

या गटातील पहिले औषध सॅक्विनाव्हिर हे होय. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने त्याला डिसेंबर १९९५ मध्ये मान्यता दिली. मार्च १९९६ मध्ये रिटोनाव्हिर व इंडिनाव्हिर, १९९७ मध्ये नेल्फिनाव्हिर, २००० मध्ये लोपिनाव्हिर आणि रिटोनाव्हिर यांचे मिश्रण, २००३ मध्ये अटाझानाव्हिर आणि २००६ मध्ये दारुनाव्हिर यांना मान्यता मिळाली. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि अमेरिकेत एच.आय.व्ही.मुळे होणारे मृत्यू १९९७ मध्ये आदल्या वर्षाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले.

सुरुवातीच्या काळात हा उपचार अतिशय जिकिरीचा होता. सॅक्विनाव्हिरच्या दिवसाला नऊ कॅप्सूल घ्याव्या लागत. इंडिनाव्हिर दर आठ तासांनी रिकाम्या पोटी घ्यावे लागे आणि मूतखडा होऊ नये म्हणून भरपूर पाणी प्यावे लागे. ही दोन्ही औषधे आता क्वचितच वापरली जातात.

भारतात व महाराष्ट्रात

भारतात एच.आय.व्ही.चे पहिले रुग्ण १९८६ मध्ये चेन्नई येथे आढळले. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना (नॅको) स्थापन झाली. त्याच वर्षी पुण्याजवळ भोसरी येथे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था सुरू झाली. २००१ मध्ये मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार दिवसाला एका डॉलरहून कमी खर्चात देऊ केला. त्या मिश्रणात प्रोटिएज रोधकाचा समावेश नव्हता. या गटातील औषधे महाग होती. लोपिनाव्हिरच्या आरंभीच्या मऊ कॅप्सूल शीतकपाटात ठेवाव्या लागत असल्याने उष्ण प्रदेशातील सामान्य घरांत त्यांचा उपयोग कठीण होता. २००५ मध्ये उष्णता सहन करणारी गोळी आल्यानंतर ही अडचण दूर झाली.

१ एप्रिल २००४ रोजी केंद्र शासनाने मोफत एच.आय.व्ही. उपचारांचा कार्यक्रम सुरू केला. अधिक प्रादुर्भाव असलेल्या ज्या राज्यांपासून त्याचा आरंभ झाला, त्यांत महाराष्ट्र होते. पहिल्या फळीचा उपचार निष्फळ ठरलेल्या रुग्णांना प्रोटिएज रोधकांवर आधारित दुसऱ्या फळीचा उपचार जानेवारी २००८ मध्ये प्रायोगिक स्वरूपात देण्यास सुरुवात झाली. त्यासाठी देशात दोनच केंद्रे निवडण्यात आली होती : मुंबईचे सर ज. जी. समूह रुग्णालय आणि चेन्नईजवळील तांबरम येथील शासकीय वक्षरोग रुग्णालय. त्या काळी नाशिकमधील रुग्णाच्या दृष्टीने जवळचे केंद्र सुमारे १७० किलोमीटरवर होते. पुढे निवडक केंद्रांना ‘एआरटी प्लस’ दर्जा देऊन ही सोय विस्तारण्यात आली.

आज नाशिकच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात एआरटी केंद्र आहे. शासकीय कार्यक्रमात मुख्य केंद्रांना जोडलेली संलग्न केंद्रेही असतात. प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना तेथून औषधे मिळू शकतात. एच.आय.व्ही.विरोधी औषधांच्या निर्मितीतही नाशिक जिल्ह्याचा वाटा आहे. सिन्नर तालुक्यातील माळेगाव औद्योगिक वसाहतीतील मायलॅन (आता व्हायाट्रिस) कंपनीच्या कारखान्यात अशा औषधांच्या गोळ्या तयार करण्यात आल्या आहेत.

२०२० पासून राष्ट्रीय कार्यक्रमात डोल्युटेग्राव्हिर या वेगळ्या गटातील औषधाचा वापर वाढला आणि नव्या रुग्णांच्या उपचारात ते मुख्य औषध झाले. तरीही पूर्वीपासून दुसऱ्या किंवा तिसऱ्या फळीचा उपचार घेणारे आणि नव्या औषधानेही विषाणू आटोक्यात न आलेले अनेक रुग्ण प्रोटिएज रोधकांवर अवलंबून असतात.

रिटोनाव्हिरची भूमिका

आतडे आणि यकृत यांमध्ये औषधांचे विघटन करणारी अनेक विकरे असतात. त्यांतील सी.वाय.पी.३ए४ हे विकर नित्य वापरातील असंख्य औषधांचे विघटन करते. प्रोटिएज रोधकांचेही विघटन तेच करते. त्यामुळे ही औषधे एकटी घेतल्यास रक्तातील त्यांची पातळी लवकर घटते.

रिटोनाव्हिर हे मुळात प्रोटिएज रोधक म्हणूनच तयार झाले. परंतु पूर्ण मात्रेत ते सोसणे रुग्णांना कठीण गेले. ते सी.वाय.पी.३ए४ या विकराला जोरकसपणे रोखते, असेही दिसून आले. म्हणून आता ते १०० मिलिग्रॅमसारख्या अल्प मात्रेत, दुसऱ्या प्रोटिएज रोधकाची पातळी टिकवण्यासाठी दिले जाते. बहुधा दोन्ही औषधे एकाच गोळीत असतात. ती वेगवेगळ्या गोळ्यांत दिलेली असल्यास रिटोनाव्हिरची गोळी ‘छोटी’ म्हणून वगळणे धोक्याचे असते. तिच्याशिवाय मुख्य औषधाची पातळी घटते आणि विषाणूला डोके वर काढण्यास वाव मिळतो.

या उपकारक गुणाची दुसरी बाजू अशी, की रिटोनाव्हिर प्रोटिएज रोधकासोबत इतर औषधांचेही विघटन थांबवते. त्या औषधांची नेहमीची मात्रा शरीरात साचत जाऊन अतिमात्रेसारखी ठरू शकते.

मात्रा व घेण्याची पद्धत

प्रौढांसाठी प्रचलित मात्रा पुढीलप्रमाणे आहेत. प्रत्यक्ष मात्रा वय, वजन, गर्भावस्था, पूर्वीचे उपचार आणि सोबतची औषधे पाहून डॉक्टर ठरवतात.

• अटाझानाव्हिर ३०० मिलिग्रॅम आणि रिटोनाव्हिर १०० मिलिग्रॅम : दिवसातून एकदा, जेवणासोबत.
• लोपिनाव्हिर ४०० मिलिग्रॅम आणि रिटोनाव्हिर १०० मिलिग्रॅम : दिवसातून दोनदा. गोळ्या जेवणासोबत किंवा जेवणाशिवाय घेता येतात. पातळ औषध मात्र अन्नासोबतच द्यावे लागते.
• दारुनाव्हिर ६०० मिलिग्रॅम आणि रिटोनाव्हिर १०० मिलिग्रॅम : दिवसातून दोनदा, जेवणासोबत. काही रुग्णांना दारुनाव्हिर ८०० मिलिग्रॅम आणि रिटोनाव्हिर १०० मिलिग्रॅम दिवसातून एकदा दिले जाते.

लोपिनाव्हिर-रिटोनाव्हिरच्या गोळ्या चावू, कुटू किंवा मोडू नयेत. त्यांचे शोषण कमी होते. गिळण्यास त्रास होत असल्यास केंद्रात तसे सांगावे.

आहार आणि उपवास

अटाझानाव्हिर व दारुनाव्हिर अन्नासोबत चांगले शोषले जातात. ‘अन्नासोबत’ याचा अर्थ पूर्ण ताटभर जेवण असा नाही. पोटभर न्याहारीही चालते. एकादशी किंवा नवरात्रात साबुदाण्याची खिचडी अथवा भगर-आमटी खाऊन त्यासोबत गोळी घेता येते. केवळ चहावर किंवा निर्जळी उपवासात गोळी घेणे योग्य नव्हे. रमजानमध्ये दिवसातून एकदा घ्यायची गोळी इफ्तारच्या जेवणासोबत घेणे सोयीचे ठरू शकते. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्यांच्या वेळा मात्र रोजे सुरू होण्यापूर्वीच केंद्रातील डॉक्टरांना विचारून ठरवाव्यात. कोणत्याही उपवासासाठी उपचार बंद ठेवू नये.

ग्रेपफ्रूट या लिंबूवर्गीय फळाचा रस आतड्यातील सी.वाय.पी.३ए४ या विकराला रोखतो. त्यामुळे अनेक औषधांच्या माहितीपत्रकांत त्याविषयी सूचना असते. नावातील साम्यामुळे हे फळ म्हणजे द्राक्ष असा समज होऊ शकतो. नाशिकच्या द्राक्षांशी या सूचनेचा काही संबंध नाही.

मद्यपानाने यकृतावर ताण येतो आणि मात्रा चुकण्याची शक्यता वाढते. म्हणून ते टाळण्याचा सल्ला दिला जातो.

चुकलेली मात्रा

मात्रा चुकल्याचे लक्षात येताच ती घ्यावी. मात्र पुढच्या मात्रेची वेळ जवळ आली असल्यास चुकलेली मात्रा सोडून द्यावी. दारुनाव्हिरसाठी ही मर्यादा दिवसातून दोनदा घेणाऱ्यांना ६ तास, तर एकदा घेणाऱ्यांना १२ तास अशी सांगितली जाते. भरपाई म्हणून दोन मात्रा एकदम कधीही घेऊ नयेत. गोळी घेतल्यावर लगेच उलटी झाल्यास पुन्हा मात्रा घ्यायची की नाही, हे केंद्रात विचारावे.

साठवण

गोळ्या मूळ डबीत, झाकण घट्ट लावून, कोरड्या जागी ठेवाव्यात. बहुतेक गोळ्यांसाठी ३० अंश सेल्सिअसच्या आतील तापमान सुचवलेले असते. मालेगावसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या पुढे जातो. तेथे पत्र्याच्या छपराखाली, वाहनाच्या डिकीत किंवा शेतावर उन्हात औषधे ठेवू नयेत. घरातील सर्वांत थंड खोलीतील बंद कपाट त्यासाठी बरे. औषध कशाचे आहे हे कळू नये म्हणून काही जण डबीवरील चिठ्ठी काढून टाकतात. तसे केल्यास औषधाचे नाव, मात्रा आणि वापराची अंतिम तारीख यांपैकी काहीच हाती राहत नाही. आकस्मिक प्रसंगी डॉक्टरांना नेमकी तीच माहिती लागते.

कामासाठी स्थलांतर करणाऱ्या किंवा लांबच्या प्रवासाला निघणाऱ्या रुग्णाने केंद्राला आधी कळवावे. पुरेसा साठा सोबत देणे किंवा दुसऱ्या गावच्या केंद्रात नोंद वर्ग करणे, अशा सोयी कार्यक्रमात आहेत.

दुष्परिणाम

सुरुवातीच्या काही आठवड्यांत मळमळ, पोट बिघडणे, जुलाब आणि थकवा ही लक्षणे दिसू शकतात. जुलाबाचा त्रास लोपिनाव्हिरमुळे अधिक होतो. बहुतेकांचा त्रास हळूहळू ओसरतो. तो न ओसरल्यास औषध परस्पर बंद न करता केंद्रात जावे.

अटाझानाव्हिर घेणाऱ्या काही रुग्णांचे डोळे किंवा त्वचा पिवळसर दिसू लागते. या औषधामुळे बिलिरुबिन नावाच्या पिवळ्या द्रव्यावर यकृतात होणारी प्रक्रिया मंदावते आणि ते रक्तात साठते. यकृताला इजा झालेली नसतानाही हे घडू शकते आणि बहुधा ते निरुपद्रवी असते. घरच्यांना मात्र ती कावीळ वाटते. मग झाडपाल्याचे औषध, कावीळ ‘उतरवणे’ किंवा गळ्यात मुळ्यांची माळ घालणे असे उपाय सुरू होतात आणि काही वेळा मूळ औषध बंद पडते. उलट बाजूने, डोळ्यांचा प्रत्येक पिवळेपणा निरुपद्रवी असतो असेही नाही. हिपॅटायटिस किंवा अन्य औषधाने यकृताला झालेली इजा हेही त्याचे कारण असू शकते. या दोहोंतील फरक डोळ्यांनी ओळखता येत नाही, तो रक्ततपासणीतच कळतो. पिवळेपणासोबत ताप, सतत उलट्या, पोटाच्या उजव्या बाजूस दुखणे, पांढरट शौच किंवा गुंगी असल्यास तातडीने रुग्णालय गाठावे.

अटाझानाव्हिरमुळे क्वचित मूतखडे किंवा पित्ताशयातील खडे होतात, तसेच हृदयातील विद्युत्‌संदेशाचे वहन मंदावते. कमरेत तीव्र कळा, लघवीतून रक्त, चक्कर किंवा शुद्ध हरपणे ही लक्षणे दुर्लक्षू नयेत.

दारुनाव्हिरमुळे अंगावर पुरळ उठू शकते. त्याच्या रेणूत सल्फा गट असल्याने पूर्वी सल्फा औषधाची ॲलर्जी झाली असल्यास ते आधी सांगणे आवश्यक आहे. पुरळासोबत ताप, तोंडात फोड, डोळे लाल होणे किंवा कातडी सोलवटणे ही गंभीर लक्षणे होत.

दीर्घकालीन वापरात, विशेषतः लोपिनाव्हिरमुळे, रक्तातील कोलेस्टेरॉल व ट्रायग्लिसराइड वाढू शकतात. काही रुग्णांत रक्तशर्करा वाढते. तंबाखू सोडणे, चालण्याचा व्यायाम आणि आहारातील तेल-तूप आटोक्यात ठेवणे यांचे महत्त्व म्हणूनच वाढते.

इतर औषधांशी आंतरक्रिया

पुढील औषधे सर्वांत महत्त्वाची असली, तरी ही यादी पूर्ण नाही. कोणतेही नवे औषध सुरू करण्यापूर्वी किंवा चालू औषध थांबवण्यापूर्वी एआरटी केंद्रात विचारावे.

क्षयरोगाची औषधे

भारतात एच.आय.व्ही.बाधितांमध्ये क्षयरोग हा सर्वाधिक आढळणारा संधिसाधू आजार आहे. त्यावरील रिफॅम्पिसिन हे प्रमुख औषध यकृतातील विकरांना चालना देते, त्यामुळे बहुतेक प्रोटिएज रोधकांची रक्तातील पातळी तीन-चतुर्थांशाहून अधिक घटते. म्हणून ही दोन्ही औषधे सामान्यतः एकत्र देत नाहीत. क्षयरोगाच्या एकत्रित गोळीत रिफॅम्पिसिन आधीच असल्याने रुग्णाला ते वेगळे दिसून येत नाही. अशा रुग्णांना रिफॅम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन कमी केलेल्या मात्रेत दिले जाते. ते घेताना डोळे लाल होणे, दुखणे किंवा अंधूक दिसणे ही लक्षणे लगेच कळवावीत. क्षयरोग टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या काही उपचारांत रिफापेंटिन असते. तेही प्रोटिएज रोधकांसोबत चालत नाही. क्षयरोग केंद्र व एआरटी केंद्र या दोन्ही ठिकाणी दुसऱ्या उपचाराची नोंद असणे म्हणूनच अत्यावश्यक आहे.

पित्ताच्या गोळ्या

अटाझानाव्हिर विरघळण्यासाठी जठरातील आम्लाची गरज असते. ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारखी आम्ल कमी करणारी औषधे त्याचे शोषण घटवतात. महाराष्ट्रात ‘पित्ताची गोळी’ औषधाच्या दुकानातून सहज आणली जाते. अनेक औषधचिठ्ठ्यांत ती लिहिलेलीही असते. अटाझानाव्हिर घेणाऱ्याने ती परस्पर घेऊ नये. आम्ल शमवणारी पातळ औषधे घ्यायचीच असल्यास अटाझानाव्हिर त्यांच्या दोन तास आधी किंवा एक तास नंतर घेतात. पित्ताचा त्रास वारंवार होत असल्यास डॉक्टर अटाझानाव्हिरऐवजी दुसरे औषध निवडू शकतात.

स्टिरॉइड

दम्याच्या पंपातील किंवा नाकात मारायच्या फवाऱ्यातील फ्लुटिकासोन व ब्युडेसोनाइड, तसेच गुडघ्यात किंवा खांद्यात टोचले जाणारे ट्रायमसिनोलोन ही औषधे एरवी बहुतांशी जागच्या जागी काम करतात. रिटोनाव्हिरमुळे मात्र ती रक्तात साचतात. त्यातून चेहरा सुजणे, वजन व रक्तशर्करा वाढणे आणि शरीराची स्वतःची स्टिरॉइड-निर्मिती मंदावणे असे परिणाम होतात. दम्यासाठी बेक्लोमेथासोन हा तुलनेने सुरक्षित पर्याय मानला जातो. दीर्घकाळ चाललेले स्टिरॉइड एकाएकी बंद करणेही धोक्याचे असते.

अर्धशिशी व प्रसूतीतील औषधे

अर्धशिशीवरील अर्गोटामाइन रिटोनाव्हिरसोबत घेतल्यास रक्तवाहिन्या तीव्रतेने आकसतात. हातापायांची बोटे काळी पडून ती गमावण्याची वेळ येऊ शकते. हे मिश्रण पूर्णतः वर्ज्य आहे. प्रसूतीनंतरचा रक्तस्राव थांबवण्यासाठी वापरले जाणारे मेथिलअर्गोमेट्रिनही त्याच कुळातील आहे. म्हणून गर्भवतीच्या औषधांची माहिती प्रसूतिगृहाला आधीच असावी लागते.

इतर औषधे

• कोलेस्टेरॉल कमी करणारी सिम्व्हास्टॅटिन व लोव्हास्टॅटिन वर्ज्य आहेत. त्यांमुळे स्नायूंचा नाश होऊन मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. ॲटोर्व्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन कमी मात्रेत देतात.
• मिडाझोलामच्या गोळ्या वर्ज्य आहेत. अल्प्राझोलामसारख्या झोपेच्या अनेक औषधांची गुंगी वाढते.
• सिल्डेनाफिलची नेहमीची मात्रा रक्तदाब धोकादायकरीत्या खाली आणू शकते.
• रक्तदाबावरील ॲम्लोडिपिनची पातळी वाढते. मात्रा तपासून घ्यावी लागते.
• आकडीवरील फेनिटॉइन व कार्बामाझेपिन प्रोटिएज रोधकांची पातळी घटवतात.
• काही गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होतो. म्हणून निरोध किंवा तांबी यांचा विचार करावा लागतो.

सर्वच औषधे वर्ज्य असतात असे मात्र नाही. तापासाठी नेहमीच्या मात्रेत पॅरासिटामॉल, जुलाबात क्षारसंजीवनी हे उपाय चालतात.

वनस्पतिजन्य औषधे

सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती प्रोटिएज रोधकांची पातळी घटवते. लसणाच्या अर्काच्या गोळ्यांनी सॅक्विनाव्हिरची पातळी कमी झाल्याचे आढळले आहे. रोजच्या फोडणीतील लसणाबाबत तशी सूचना नाही. सांधेदुखी किंवा दम्यावर मिळणाऱ्या चिठ्ठीविना पुड्यांमध्ये छुपे स्टिरॉइड मिसळलेले असू शकते. घटक ठाऊक नसलेले औषध प्रोटिएज रोधकांसोबत घेऊ नये.

गर्भवती व बालके

विषाणूंचे प्रमाण आटोक्यात ठेवणाऱ्या उपचारामुळे आईकडून बाळाला संसर्ग होण्याची शक्यता मोठ्या प्रमाणात घटते. म्हणून गर्भधारणा झाल्यावर घाबरून औषधे थांबवू नयेत, ताबडतोब केंद्राला कळवावे. बालकांची मात्रा वजनावर ठरते आणि वजनाबरोबर बदलते. लोपिनाव्हिरच्या पातळ औषधात मद्यार्काचे प्रमाण बरेच असल्याने अपुऱ्या दिवसांच्या नवजात बाळांना ते देत नाहीत.

तपासण्या

उपचार लागू पडतो आहे की नाही, हे रक्तातील विषाणूंच्या मोजणीवरून कळते. दर मिलिलिटरला १००० हून अधिक विषाणू आढळल्यास प्रथम गोळ्या नियमित घेतल्या जात आहेत का, सोबत कोणती औषधे चालू आहेत आणि पोटात गोळी टिकते का, हे पाहिले जाते. समुपदेशनानंतर मोजणी पुन्हा करतात. त्यानंतर गरज वाटल्यास उपचार बदलला जातो. याशिवाय सी.डी.४ पेशी, यकृत व मूत्रपिंडांचे कार्य, रक्तशर्करा आणि मेद यांच्या तपासण्या होतात. अटाझानाव्हिरमुळे टेनोफोव्हिरची पातळी थोडी वाढते. हे दोन्ही घेणाऱ्यांच्या मूत्रपिंडांवर विशेष लक्ष ठेवतात.

गोपनीयता आणि औषधांची माहिती

एच.आय.व्ही.ची औषधे एआरटी केंद्रातून मिळतात. परंतु ताप, खोकला, गुडघेदुखी किंवा दातदुखीसाठी रुग्ण गावातील दवाखान्यात जातो. सामाजिक कलंकाच्या भीतीने तेथे तो आपली औषधे सांगत नाही. तेथील डॉक्टर अजाणता स्टिरॉइडचे इंजेक्शन किंवा पित्ताची गोळी देतात. वर वर्णिलेले काही अपाय या अबोल्यातून घडू शकतात.

एच.आय.व्ही. आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्यानुसार आरोग्यसेवा, नोकरी, शिक्षण, निवास इत्यादी बाबतींत एच.आय.व्ही.बाधित व्यक्तीशी भेदभाव करता येत नाही. न्यायालयाच्या आदेशाखेरीज कोणालाही आपली एच.आय.व्ही. स्थिती उघड करण्यास भाग पाडता येत नाही. उपचारासाठी आवश्यक असल्यास एक आरोग्यसेवक उपचारात सहभागी असलेल्या दुसऱ्या आरोग्यसेवकाला ही माहिती देऊ शकतो. तिचा अन्यत्र बोभाटा करण्याची मुभा त्याला नाही. तक्रारींसाठी राज्य पातळीवर लोकपालाची तरतूद आहे.

गावातील दवाखान्यात काहीही सांगणे शक्य नसेल, तर उलट मार्ग मोकळा असतो. तेथे मिळालेली औषधचिठ्ठी पहिली गोळी घेण्यापूर्वी एआरटी केंद्रातील डॉक्टरांना किंवा औषधनिर्मात्याला दाखवावी. केंद्राच्या पुस्तिकेत सर्व चालू औषधांची नोंद ठेवावी आणि केंद्राच्या प्रत्येक भेटीत ती अद्ययावत करून घ्यावी. शस्त्रक्रिया, अपघात किंवा प्रसूतीच्या वेळी रुग्णाला स्वतः बोलता येईलच असे नाही. म्हणून घरातील विश्वासातील एका व्यक्तीला औषधांची नावे आणि पुस्तिका ठेवण्याची जागा माहीत असावी. नॅकोच्या १०९७ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर नाव न सांगताही माहिती व समुपदेशन मिळते.